काळा समुद्र, शारजापासून तीन तासांवर

आमच्या शेजारच्या घरात थापेला ‘ब्लॅक सी’ म्हणतात. कुणी म्हणालं, मी आजपासून साखर सोडली, की आतल्या खोलीतून उत्तर येतं, “ब्लॅक सी!” कुणी म्हणालं, पाच मिनिटांत पोहोचतो, तरी तेच. शारजाच्या अल मजाजमध्ये आमच्या दोन फ्लॅटना मिळून एक भिंत आहे आणि ती बांधताना कंत्राटदाराने फार मनावर घेतलेलं नसावं. त्यामुळे शब्दाचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी तो मला कानांनी ओळखीचा झाला होता.

शेजारी रत्नागिरीचे, कोकणी मुसलमान. मुलगा, सून, सोळा वर्षांची नात आणि मुलाचे वडील, म्हणजे चाचा. एकोणीस वर्षांचे असताना खलाशी म्हणून चाचा या किनाऱ्याला लागले, आणि पुढे जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन झाले. ते मला मास्तर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही. मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो, म्हणजे माणसं जे सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. पण एकदा लिफ्टमध्ये चाचांना माझ्या हातात पुस्तक दिसलं, आणि या इमारतीत मास्तर व्हायला तेवढं पुरतं.

गेल्या जानेवारीत याच लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, “मास्तर, काळा समुद्र म्हाईत हाय तुम्हाला?”

मी म्हणालो, माहीत आहे. तुर्कस्तानच्या वर, युक्रेनच्या खाली.

“बघा. तुम्ही पण तसलेच.” चाचांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं. “अहो, रत्नागिरीचा. मांडवीचा.”

मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मला सांगितलं. रत्नागिरी शहराला दोन किनारे आहेत. एकाची वाळू पांढरी, एकाची काळी. लोक पहिल्याला पांढरा समुद्र म्हणतात, दुसऱ्याला काळा समुद्र. पाणी एकच, नाव मात्र वाळूवरून पूर्ण समुद्राला. रिक्षावाल्याला सांगायचं, काळ्या समुद्राला सोड, आणि तो सोडतो. मी कराडकडचा माणूस. एका तालुक्याच्या गावाने स्वतःसाठी परस्पर दोन समुद्र ठेवून घ्यावेत, हे मला एकदम आवडलं. (चाचांनी लगेच सुधारलं, “तालुक्याचं नाय, जिल्ह्याचं.”)

गोष्ट पुढे अशी. लाँचवर असताना एकदा वादळी वाऱ्यात त्यांनी समुद्रातल्या एका बेटाचा आसरा घेतला होता, आणि त्या बेटावर मांडवीसारखीच काळी वाळू होती. ही गोष्ट त्यांनी नातीला ती लहान असताना सांगितली. नात इथेच जन्मलेली, तिला मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं, म्हणून तिच्या सोयीसाठी चाचांनी ‘काळा समुद्र’चं भाषांतर केलं. सहावीत भूगोलाच्या तासाला ती उभी राहिली आणि म्हणाली, माझे दादा, म्हणजे आजोबा, लाँचने एका रात्रीत ब्लॅक सीला गेले होते, शारजाहून. बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. वर्ग बराच वेळ हसत राहिला. ती घरी येऊन रडली, मग मोठी झाली, आणि मग घराला तो शब्द मिळाला.

“सगळे हसतात, मी पण हसतो,” चाचा म्हणाले. “पण पुढच्या महिन्यात माझा विसा खलास. कायमचा चाललो. हिकडं माझ्या माघारी काय ऱ्हाणार, तर हा शब्द. एकदा पोरीला ती वाळू दाखवायची हाय.”

लिफ्ट केकाटायला लागली होती. मी म्हणालो, बघू. धंद्याच्या सवयीने मनात म्हटलं, पुरावा नाही, साक्षीदार नाही, दावा जुना.

तरी रात्री पुस्तकं आणि नकाशे काढून बसलो. इथल्या समुद्रात काही बेटं अशी आहेत की ती मिठाने वर आणली आहेत. खोल जमिनीखाली मिठाचे थर असतात. मीठ दगडापेक्षा हलकं, म्हणून ते अतिशय सावकाश वर चढतं, आणि चढताना खालचे प्राचीन ज्वालामुखीचे काळे दगड फोडून सोबत आणतं. म्हणजे काळी वाळू असणं अशक्य नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फाइल बंद करता येत नव्हती.

चाचांच्या वर्णनाशी जुळणारं एक बेट सापडलं. त्याचं नाव इथे देत नाही. तिथे कासवं अंडी घालतात आणि पाहुण्यांची त्यांना फार हौस आहे असं वाटत नाही. परवान्याशिवाय जाता येत नाही. पण आमचं नशीब असं की फेब्रुवारीत तिथे किनारा-स्वच्छतेची मोहीम निघत होती. मोहिमेला अर्थातच इंग्रजी नाव होतं आणि नावाच्या आधी हॅशटॅग होता. फॉर्ममध्ये टी-शर्टचं माप आधी विचारलं होतं, पोहता येतं का ते नंतर. ‘सहभागाचा हेतू’ या रकान्यासाठी चाचा म्हणाले, “लिवा, काळा समुद्र बघायला.” मी ‘पर्यावरणाची आवड’ असं लिहिलं. इतिहासाची पुनरावृत्ती मला नको होती.

नात आली ती दादांसाठी नाही. तिला परदेशी कॉलेजच्या अर्जासाठी स्वयंसेवेचं सर्टिफिकेट हवं होतं. माझी बायको आलीच नाही. “एवढ्या लांब जाऊन किनारा साफ करणार? बाल्कनी इथेच आहे,” ती म्हणाली.

पहाटे जेट्टीवरून बोट सुटली. तीन तासांत मी पुस्तकाची चार पानं वाचली आणि तीच चार पानं परत वाचली. नात कानात गाणी घालून झोपली. चाचा सगळा वेळ कठड्याला धरून उभे. बेट दिसायला लागलं तसे ते पुढे वाकले. आधी एक निळसर कुबड, मग त्यावर लालसर आणि जांभळे डाग, आणि पायथ्याशी पाण्याला लागून झगझगीत पांढरी रेघ.

जवळ गेल्यावर ती रेघ वाळू निघाली. दुधाच्या पावडरीसारखी पांढरी.

नातीने कानातली गाणी काढली, वाळू पाहिली, दादांकडे पाहिलं. “नाइस बीच,” ती म्हणाली. अगदी सभ्यपणे.

“ही बाजू नाय,” चाचा म्हणाले. “पलीकडची.”

“ओके, दादा.”

किनाऱ्यावर मंडप होता. मंडपात वाळूवर गालिचा होता, आणि गालिच्यावर वाळू येऊ नये म्हणून एक माणूस झाडू घेऊन उभा होता. त्या सकाळी आमच्यापैकी खरं काम तोच एकटा करत होता. सागराच्या महत्त्वावर तीन भाषणं झाली. वक्ते सागराकडे पाठ करून बसले होते. मग मुख्य पाहुण्यांनी हातमोजे घालून प्लास्टिकची एक बाटली उचलली. फोटोग्राफरचा कॅमेरा तयार नव्हता. बाटली परत जागेवर ठेवण्यात आली आणि पुन्हा उचलण्यात आली. टाळ्या दोन्ही वेळा झाल्या. आम्हाला सांगितलं गेलं की लाल झेंड्यांच्या मध्येच सफाई करायची, एक वाजता सामुदायिक फोटो आणि सर्टिफिकेटं, अडीचला बोट. फोटोत जो नाही त्याला सर्टिफिकेट नाही.

झेंड्यांच्या मधला किनारा आधीच कुणीतरी साफ करून ठेवला होता. आम्ही तासभर वाळलेल्या शेवाळात बाटल्यांची बुचं शोधली. मग मी पाहिलं, तर चाचा मंडपामागे एका माणसाशी बोलत होते. तो बेटाचा राखणदार होता. इथलाच अमिराती, चाचांच्याच वयाचा, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, पायात झिजलेल्या चपला. त्या सगळ्या समारंभात तो एकटाच बेटावर राहणारा दिसत होता.

“हबीबी, काला रेती किधर है?” चाचा विचारत होते.

“कौन बोला तुमको काला रेती?”

“कोई नहीं बोला. मैं खुद आया इधर. लाँच में. जब तुम्हारा-हमारा दाढी काला था.”

राखणदार हसला. त्याने चाचांना आपादमस्तक पाहिलं. “काला पत्थर है,” तो म्हणाला. “रेती... कभी होता, कभी नहीं होता.” साक्षीदार मिळाला होता, पण असा. पलीकडे जायला बंदी होती, कारण तिथे कासवं चढतात. मात्र अंडी घालायला अजून महिना होता. नियमांपेक्षा त्याला बहुधा मंडपाचा जास्त कंटाळा आला असावा. कशाला हात लावायचा नाही, पाण्याच्या रेषेच्या वर जायचं नाही, असं बजावून त्याने आम्हाला तिघांना पिकअपमध्ये घातलं. “यल्ला.”

त्या दहा मिनिटांच्या रस्त्याबद्दल मला लिहायचं आहे आणि लिहिता येत नाही. मी इथे सगळं एकाच रंगाचं पाहत आलो आहे. इमारती, वाळवंट, धुळीचं आकाश, आमच्या ऑफिसचे पडदे, सगळ्याला एकच मातकट छटा. आणि हे इवलंसं बेट मात्र मधोमध फाटून आतले रंग दाखवत पडलं होतं. एक टेकडी गेरूची, तिच्याशेजारी एक पिवळी, मध्येच हिरवट दगडांची घसरण, आणि त्या सगळ्यांतून डोकं वर काढणारे काळे, सच्छिद्र, जळके खडक. कुठेकुठे मीठ बाहेर आलं होतं, साध्या स्वयंपाकघरातल्या मिठासारखं. कुणी ते सजवलेलं नव्हतं, कुणी दिवे सोडलेले नव्हते. पाटी नव्हती. मला त्या मिठाबद्दल फार आदर वाटला. एवढ्या वर्षांचं काम, आणि उद्घाटन नाही.

पिकअप थांबली. तीन बाजूंनी काळे कडे, मध्ये घोड्याच्या नालेसारखी छोटी खाडी, आणि कड्यांच्या पायाशी वाळू. मातकट. आमच्या ऑफिसच्या पडद्यांसारखीच.

चाचा वाळूच्या काठावर गेले, वाकून त्यांनी तळहाताने थोडी उकरली. आत पण तीच.

“इट्स ओके, दादा,” नात म्हणाली. “द रॉक्स आर ब्लॅक.”

हा सूर मला माहीत आहे. दावा फेटाळायचा असतो तेव्हा आम्हीही असंच गोड बोलतो. तिने पूर्वीसारखं हसून ‘ब्लॅक सी!’ म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने पाणी हवंय का विचारलं, उन्हात उभे राहू नका म्हणाली, त्यांचा हात धरायला गेली. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घ्यायला तिने सुरुवात केली होती, आणि ते चाचांच्या लक्षात आलं.

पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते कड्यावरच्या ओल्या रेषेकडे पाहत होते.

“मास्तर, आज चाँद कितवा?”

मला माहीत नव्हतं. राखणदाराने सांगितलं. चाचांनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, मग मान हलवली. “हे गणित आपल्याकडचं. हिकडं जुळंल नाय जुळंल.” त्यांनी एक दगड उचलला आणि लाट जिथवर येत होती तिथे नेमका ठेवला. “बसा.”

“कशाला?”

“कराडात समुद्र हाय काय? मग बसा गप. घाट्यांना भरती-सुकती काय कळणार!”

आम्ही बसलो. राखणदाराने थर्मासमधला वेलचीचा कावा, म्हणजे अरबी कॉफी, काढला, खजूर काढले. दहा मिनिटं गेली. लाट दगडापर्यंत आली. पुन्हा आली. मग एक आली ती दगडाच्या हातभर अलीकडेच वळली.

“सुकती लागली,” चाचा म्हणाले. कोकणात ओहोटीला सुकती म्हणतात, हे मला नंतर कळलं. “मी आलतो तेव्हा सुकतीच होती. आत्ता आपण भरतीत आलो. वरची ही वाळू वाऱ्यानं येते, शिंपल्यांची, हलकी. खालची जड असते. ती जागेवर ऱ्हाते.” मग जरा थांबून, “इन्शाल्ला.”

सव्वाबारा वाजता पाण्याच्या काठाशी एक रेघ दिसली. पेन्सिलीची असावी एवढीच. मी गप्प राहिलो, कारण सावलीही असू शकते. पुढच्या लाटेने ती पुसली. त्याच्या पुढच्या लाटेने तिला दोन बोटं रुंद केलं. मग पाणी मागे सरकत गेलं आणि जाताना वरची मातकट वाळू सायीसारखी ओढून नेत गेलं, आणि तिच्याखालून काळं येत राहिलं. वीतभर, हातभर, मग सबंध उतारच. ओलं, गुळगुळीत, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं काळं. ऊन त्यावर पडलं तेव्हा ते सगळं एकदम चमकलं. मी खाली बसून पाहिलं, तर त्या वाळूत आरशाचा चुरा केल्यासारखे बारीक चकाकणारे कण होते, कोट्यवधी. पाण्याचा फेस त्यावरून खाली उतरताना इतका पांढरा दिसत होता की इतकी वर्षं मी फेस नीट पाहिलाच नव्हता असं वाटलं.

मी बऱ्याच मोठ्या गोष्टी पाहिल्या आहेत. या देशात राहणाऱ्याला त्या पाहाव्याच लागतात, कारण नातेवाईक येतात. सर्वांत उंच, सर्वांत रुंद, सर्वांत महाग. त्यांतली एकही पाहताना माझ्या तोंडून आवाज निघालेला नाही. त्या दिवशी निघाला.

राखणदाराच्या वॉकीटॉकीतून कुणीतरी ओरडायला लागलं. फोटो. सगळे जमलेत. पाहुण्यांना लवकर जायचं आहे. तो नातीकडे बघून म्हणाला, “बेटी, सर्टिफिकेट चाहिए तो अभी चलो.”

ती तोवर बूट काढून पाण्यात उभी होती. पावलं घोट्यापर्यंत चंदेरी झाली होती.

“टेल देम वी आर क्लीनिंग,” ती म्हणाली.

राखणदाराने तसं कळवलं. खोटं नको म्हणून मी दगडांत अडकलेली एक बाटली काढली. ती मी एकदाच उचलली.

चाचा आता म्हणतील, बघ, असं मला वाटत होतं. एवढ्या वर्षांनी तो हक्क त्यांचा होता. ते मात्र चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. नात ओंजळभर वाळू घेऊन त्यांच्यासमोर आली.

“आय टोल्ड द होल क्लास, दादा.”

“हो.”

“आय सेड ब्लॅक सी.”

“मीच तुला तसं सांगितलेलं.”

“यू शुड हॅव सेड बीच!”

“आमचेकडं बीच म्हणत नाय कुणी,” चाचा म्हणाले. “समुद्र म्हणतात.”

ती हसायला लागली. मग चाचाही, आणि या वेळी तिच्याबरोबरच. तिने ओंजळ जिथून उचलली होती तिथेच रिकामी केली, कारण राखणदार बघत होता.

बोटीवर आमचं स्वागत थंड झालं. संयोजिका म्हणाली, तुम्ही तिघे फोटोत नाही. मी म्हणालो, दिसलं आम्हाला. परतीच्या वाटेवर नातीने गाणी कानात घातली नाहीत. ती दादांच्या शेजारी बसली, पाय बाकावर घेऊन, आणि चौकशी सुरू केली. किती दिवस होतात तिथे? तीन. काय खाल्लं? भात, नंतर नुसता मासा. पाणी? दुसऱ्या दिवशी संपलं.

“वेअर यू स्केअर्ड?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात डोकं घातलं.

“रडलो पण,” ते म्हणाले. “आईची आठवण आली. एकोणीस वर्षांचा होतो गं. तुझ्याहून तीनच वर्षं मोठा.”

हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं, चाचांनीही नाही. ती वळून मांडी ठोकून बसली आणि एकेक गोष्ट बाहेर काढायला लागली. लहानपणापासून ऐकलेल्या, बाजूला टाकलेल्या सगळ्या. इराणी व्यापाऱ्याने दिलेली अंगठी? ती खोटी, ती खोर फक्कानच्या बाजारात घेतली. देवमाशाने लाँचला धक्का दिला? देवमासा दिसला होता, धक्का नाय. कस्टमच्या साहेबाला पत्त्यांत हरवलं? “हरवलं. पण त्याला खेळता येत नव्हतं.” चाचा निमूट उत्तरं देत होते, आणि प्रत्येक गोष्ट थोडी लहान होत होती, आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. दावे तपासण्याच्या धंद्यात मी इतकी वर्षं आहे, पण एवढा सहकार्य करणारा दावेदार मी पाहिलेला नाही.

“अँड द गोट?” तिने विचारलं.

“कुठली?”

“द गोट हू स्टिअर्ड द लाँच.”

चाचांनी बराच विचार केला. बोटीच्या मागे बेट परत निळसर कुबड झालं होतं.

“बकरी खरी,” ते म्हणाले.

“दादा!”

“अल्लाकसम. त्याचं असं झालं...”

त्या बकरीबद्दल मला आजवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि बाकावर जरा त्यांच्या बाजूला सरकलो.